चाकांवरचें घर आणि विजेची शिदोरी

प्रवासाला निघतांना शिदोरी बरोबर घ्यावी, ही आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींची शिकवण. प्रत्येक स्टेशनावर खावयास मिळूं लागल्यापासून दशम्यांचा डबा मागें पडला आणि त्याबरोबर ही शिकवणहि बरीचशी विसरली गेली. परंतु स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांत चाकांवरचें घर घेऊन हिंडूं लागलें, म्हणजे तिचा अर्थ पुन्हां नव्यानें ध्यानांत येतो. भेद इतकाच कीं, तेथें जी शिदोरी प्रथम संपते ती अन्नाची नव्हे, विजेची.

ज्या वाचकांचीं मुलें-नातवंडें विलायतेंत आहेत, त्यांना कॅम्पर व्हॅन ही वस्तु ऐकून तरी ठाऊक असेलच. मोठ्या मोटारीच्या पोटांत निजण्याच्या फळ्या, लहानशी शेगडी, शीतकपाट, हात धुण्याचें भांडें आणि चार दिवे बसविले कीं झालें हें घर. सप्टेंबरच्या अखेरीस अशाच एका घरांतून आम्ही चौघे स्कॉटलंडचा उत्तर किनारा पाहावयास निघालों: आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सर्वजण दादा म्हणतात, त्यांचे चिरंजीव, सूनबाई आणि मी. इन्व्हरनेस या शहरापासून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानें पुन्हां तेथेंच येणारा ५१६ मैलांचा एक मार्ग २०१५ सालापासून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नांवानें प्रसिद्ध झाला आहे. मार्ग नवा नव्हे. नांव तेवढें नवें. कित्येक ठिकाणीं एकच गाडी मावेल इतका तो अरुंद आहे, आणि समोरून कोणी आलें तर बाजूस थांबण्यासाठीं जागोजाग लहान जागा राखून ठेवल्या आहेत. ज्याच्या बाजूस ती जागा असेल त्यानें थांबावें, दुसऱ्यानें हात वर करून आभार मानावेत व पुढें जावें, असा तेथील शिष्टाचार आहे.

या घराच्या विजेची व्यवस्था समजून घेतल्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं. व्हॅनमध्यें दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची. तिचें काम क्षणभराचें, पण जोराचें: इंजिन सुरू करून देणें. दुसरी घरची. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, शीतकपाट यांना ती रात्रभर थोडी थोडी वीज पुरविते. इंग्रज लोक हिला ‘लेझर बॅटरी’ म्हणतात. येथें लेझर म्हणजे प्रकाशाचा तीव्र किरण नव्हे, तर फुरसत. गाडी उभी असतां फुरसतीच्या वेळीं उपयोगी पडणारी, म्हणून हें नांव. भारनियमनाच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरीं इन्व्हर्टर आले व त्यांच्या बॅटरींत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचें काम घरांतील कोणातरी एकाकडे आलें. ही बॅटरी त्याच जातीची. शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची ही युक्ति गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढली आणि तिचें मूळ स्वरूप अद्यापि फारसें बदललेलें नाहीं.

ही बॅटरी तीन वाटांनीं भरतां येते. गाडी चालत असतां इंजिनावरील आल्टर्नेटर तिला वीज देतो. छपरावरील सौर पॅनेल दिवसां कांहीं भर घालतें. आणि मुक्कामाच्या छावणींत २३० व्होल्टांची जोडणी मिळाली, तर चार्जर लावून रात्रभरांत ती पूर्ण भरून निघते. या तिसऱ्या सोयीला तेथें ‘हूक-अप’ म्हणतात. छावण्यांतून राहणाऱ्यास विजेची काळजी नसते. परंतु अशी छावणी प्रत्येक मुक्कामीं हाताशीं असेलच असें नाहीं. २००३ च्या कायद्यानें स्कॉटलंडांत पायीं हिंडणाऱ्यास मोकळ्या रानांत तंबू ठोकण्याची मुभा दिली आहे, परंतु ती मोटारींना लागू नाहीं. म्हणून एखाद्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या आवारांत रात्र काढावी लागते. अशा रात्रीं बॅटरींत असेल तेवढीच वीज आपली.

आमच्या बाबतींत हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नव्हता. दादांना झोपेंत श्वास अडकण्याचा विकार आहे. नाकावर मुखवटा बांधून हलक्या दाबानें हवा देणारें सीपॅप नांवाचें यंत्र त्यांना रात्रभर लागतें. घरीं तें भिंतींतल्या विजेवर चालतें, प्रवासांत बॅटरीवर. दिवा विझला तर माणूस अंधारांत निजतो. हें यंत्र विझलें तर काय, याचा विचार निघण्यापूर्वींच दोन्ही पिढ्यांनीं मनांत केला होता, जरी तो कोणी बोलून दाखविला नव्हता.

इन्व्हरनेसच्या दोन रात्री हूक-अपवर सुखांत गेल्या. तिसऱ्या दिवशीं आम्ही पश्चिम किनाऱ्यावरील ॲपलक्रॉसकडे निघालों. येथें जाण्याचा जुना रस्ता बेलाख ना बा, म्हणजे गुरांच्या खिंडीवरून जातो. ६२६ मीटर उंचीची ही खिंड, तिच्या नागमोडी वळणांमुळें, आपल्या सह्याद्रींतील घाटांची आठवण करून देते. मोठ्या गाड्यांनीं या वाटेनें जाऊं नये, अशी पाटी पायथ्याशींच लावलेली आहे. १९७० च्या दशकांत शील्डेगवरून किनाऱ्यानें दुसरा रस्ता झाला; तोंवर या गांवाला तो एकच रस्ता होता आणि हिंवाळ्यांत बर्फ पडलें कीं तोहि बंद पडे. आम्ही किनाऱ्याच्या रस्त्यानें गेलों. ६७३ सालीं आयर्लंडहून आलेल्या मेलरुवा नांवाच्या साधूनें येथें मठ स्थापन केला. आज मठ नाहीं. पण उपसागर, त्यापलीकडे स्काय बेटाच्या निळ्या रांगा आणि अंगावर येणारी शांतता पाहिली म्हणजे साधूनें ही जागा कां निवडली तें सांगावें लागत नाहीं.

त्या रात्रीं साडेतीनच्या सुमारास यंत्र बंद पडलें. दादा दचकून उठून बसले. सूनबाईंनीं दिवा लावावयास हात घातला, तों तो लागेना. उरलेली रात्र दादांनीं उशीला टेकून, बसूनच काढली. चिरंजीव त्यांच्याशेजारीं जागत राहिले. “मला कांहीं होत नाहीं, तूं नीज,” असें दादा दोनदां म्हणाले आणि त्यांच्या मुलानें दोन्ही वेळां “हो बाबा” म्हणून तें ऐकलें नाहीं.

सकाळीं सर्वांचा समज असा झाला कीं, आतां दिवसभर गाडी चालणार, तेव्हां बॅटरी आपोआप भरेल. टॉरिडनच्या, सुमारें शंभर कोटी वर्षांपूर्वींच्या तांबूस वालुकाश्माच्या, डोंगरांखालून आम्ही चार तासांचा रस्ता कापून अलापूलला पोहोंचलों. हेरिंग मासळीच्या धंद्यासाठीं १७८८ सालीं मुद्दाम आंखून वसविलेलें हें गांव. पांढरीं घरें एका ओळींत पाण्याकडे तोंड करून उभीं आहेत आणि लुइस बेटाची आगबोट येथूनच सुटते. परंतु तें पाहावयास कोणाचें मन लागेना. कारण चार तासांच्या प्रवासानंतरहि घरची बॅटरी होती तशीच रिकामी होती. तेथल्या एका वर्कशॉपांत विचारलें. बॅटरी जुनी दिसते, नवी घ्या, असें उत्तर मिळालें. चिरंजीव पैसे द्यावयास निघाले होते. पण सूनबाईंनीं त्यांना थांबविलें. “आजार कोठें आहे हें पाहिल्याशिवाय औषध कशाला?” असें म्हणून त्यांनीं गाडींतील लहान मल्टीमीटर काढला.

पुढील तासाभरांत त्यांनीं जें केलें तें कोणत्याहि घरांतील मनुष्यास करतां येण्यासारखें आहे, म्हणून तें क्रमानें सांगतों. प्रथम हातांतल्या बांगड्या व अंगठी काढून ठेवली. कारण धातूचा दागिना बॅटरीच्या दोन्ही टोंकांस एकदम लागला तर तो क्षणांत लाल होतो. मग इंजिन बंद असतां दोन्ही बॅटऱ्यांचा दाब मोजला. इंजिनाची १२.६ व्होल्ट, घरची ११.९. शिशाची बॅटरी पूर्ण भरून कांहीं तास विसावली म्हणजे सुमारें १२.७ दाखविते, अर्धी असतां १२.२ च्या आसपास, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. आंकड्यांतला फरक दिसावयास लहान, पण अर्थ मोठा.

नंतर इंजिन सुरू केलें. इंजिनाच्या बॅटरीवर १४.२ आले, म्हणजे आल्टर्नेटर आपलें काम चोख करीत होता. घरच्या बॅटरीवर मात्र ११.९ च राहिले. वास्तविक वीज पोहोंचत असती तर तोहि आंकडा तेराच्या वर चढावयास हवा होता. नदीला पाणी आहे, शेतांत मात्र थेंब नाहीं, तर पाट कोठेंतरी फुटला आहे किंवा अडला आहे, हें सांगावयास पाटबंधाऱ्याचा इंजिनियर लागत नाहीं. दोष दोन्ही बॅटऱ्यांत नव्हता, तर त्यांच्या मधल्या वाटेंत होता.

ही वाट साधी असते. इंजिनाच्या बॅटरीपासून एक जाड तार निघते; तिच्या दोन्ही टोंकांजवळ एकेक फ्यूज असतो; मध्यें रिले नांवाचा, इंजिन चालू होतांच आपोआप मिटणारा विजेचा दरवाजा असतो. इंजिन बंद झालें कीं हा दरवाजा उघडतो व दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या होतात, म्हणजे रात्रीचा खर्च इंजिनाच्या पुंजीवर पडत नाहीं. सूनबाईंनीं मीटरचें काळें टोंक ऋण बाजूस धरून तांबड्या टोंकानें एकेक मुक्काम तपासला. पहिल्या फ्यूजच्या अलीकडे १४.२, पलीकडे १४.२. फ्यूज नुसता डोळ्यांनीं पाहून चालत नाहीं. आंतली तार केसाएवढी तुटलेली असली तर ती दिसत नाहीं, पण मीटर ती ओळखतो. रिलेच्या अलीकडे १४.२, पलीकडे ११.९. दरवाजा मिटत नव्हता.

तो कां मिटत नव्हता? रिलेला स्वतःचें काम करण्यास थोडी वीज लागते, आणि ती परत जाण्यास गाडीच्या लोखंडी सांगाड्याशीं जोडलेली एक बारीक तार असते. या तारेचें तांब्याचें कडें एका बोल्टाखालीं बसविलें होतें. बोल्ट गंजला होता आणि कड्यावर, कल्हई गेलेल्या भांड्यास येतो तसा, हिरवट थर चढला होता. समुद्राच्या खाऱ्या हवेंत वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीला हा आजार व्हावा यांत नवल नाहीं. ऋण टोंक आधीं सोडून मग बोल्ट काढला, कडें पॉलिश पेपरनें घासून लखलखीत केलें, बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन चोळलें, आणि ऋण टोंक शेवटीं जोडलें. इंजिन सुरू होतांच रिलेचा बारीकसा ‘टक्’ असा आवाज सर्वांना ऐकूं आला.

परंतु काम येथें संपलें नाहीं. घरच्या बॅटरीवर आतां १३.३ आले, इंजिनाकडे १४.२ आणि येथें १३.३. उरलेला जवळजवळ एक व्होल्ट वाटेंत खर्च होत होता. तार बारीक होती. पूर्वीच्या कोणा कारागिरानें ६ चौरस मिलिमीटर जाडीची तार घातली होती. जाण्यायेण्याची मिळून १० मीटर लांबीच्या अशा तारेंतून ३० अँपिअरचा प्रवाह नेला तर सुमारें ०.९ व्होल्ट वाटेंतच नाहींसे होतात. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची असेल तर ही गळती ०.३ वर येते. बारीक तारेनें बॅटरी कधींच भरत नाहीं असें नव्हे; पण फार हळूहळू भरते, आणि तोंवर प्रवास संपतो. ती तार पुढें घरीं गेल्यावर बदलण्यांत आली.

मग इतके दिवस ही गोष्ट कोणाच्या लक्षांत कां आली नव्हती? कारण ही गाडी आजवर बहुतेक छावण्यांतूनच उभी राहिली होती. रात्रीं हूक-अपची वीज बॅटरी भरून टाकी आणि दिवसां ती आल्टर्नेटरनें भरली असें सर्वांना वाटे. एका सोयीनें दुसरीचा दोष झांकला होता. नवी बॅटरी घेतली असती तर तीहि त्याच रिकाम्या ताटावर उपाशी बसली असती. त्या रात्रीं छावणींत ती जुनी बॅटरी चार्जरवर ठेवली. सकाळीं जोडणी काढून, सर्व उपकरणें बंद करून, कांहीं तासांनीं मोजली तेव्हां १२.६ दाखविले. एक कोश जरी मेला असता तर आंकडा साडेदहाच्या आसपास उतरला असता. कारण सहा कोश मिळून ती होते व प्रत्येकाचा वांटा दोन व्होल्टांहून थोडा अधिक असतो. तिला अकारण म्हातारी ठरविण्यांत येत होतें.

येथें दोन-तीन गोष्टी इतरांच्या उपयोगासाठीं नमूद करतों. २०१५ च्या सुमारानंतर निघालेल्या पुष्कळ गाड्यांत इंधन वांचविण्यासाठीं आल्टर्नेटर स्वतःच दाब कमी-जास्त करतो. तेथें साधा रिले पुरत नाहीं, दाब वाढवून देणारा निराळा चार्जर मध्यें बसवावा लागतो. सौर पॅनेलवर त्या अक्षांशांत फार विसंबूं नये; सप्टेंबरअखेर माध्यान्हींहि सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर असतो आणि ढग तर रोजचेच. अलीकडच्या लिथियम बॅटऱ्या हलक्या व चिवट खऱ्या, परंतु गोठणबिंदूच्या खालीं त्या भरूं नयेत आणि त्यांना त्यांच्याच जातीचा चार्जर लागतो. शिशाची बॅटरी भरतांना गरम झाली किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर चार्जर ताबडतोब बंद करावा, खिडक्या उघडाव्यात व जवळ ज्योत नेऊं नये.

त्या सकाळीं दादांनीं आणखी एक काम केलें. सारा जन्म हिशेबखात्यांत काढलेला मनुष्य! त्यांनीं वहीचें पान घेऊन रात्रीचा जमाखर्च मांडला. बॅटरी १०० अँपिअर-तासांची. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याखालीं वारंवार उतरविली तर तिचें आयुष्य घटतें, तेव्हां जमा ५० धरावी. खर्चाकडे: श्वासाचें यंत्र, त्यांतील पाणी तापविण्याच्या सोयीसह, ३२, शीतकपाट १४, हीटर १२, दिवे व पंप ४. एकूण ६२. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली असती तरी हा खर्च झेपणारा नव्हता. खर्चांतलें मोठें कलम अर्थातच त्यांचें स्वतःचें होतें, व तें वाचून दाखवितांना त्यांचा आवाज जरा उतरला. सूनबाई लगेच म्हणाल्या, “बाबा, तें कलम कापायचें नाहीं, फक्त पाणी तापवणें थांबवायचें. डॉक्टरांना विचारूं या.” डॉक्टरांना फोन केला; थोडे दिवस तसें चालेल असें ते म्हणाले. पाणी न तापवितां यंत्राचा खर्च १० वर आला आणि एकूण ४०. दादांनीं खालीं दुहेरी रेघ ओढली.

पुढें आम्ही उत्तरेस निघालों. काइलस्कूच्या खाडीवर १९८४ पर्यंत गाड्या तरीनें न्याव्या लागत. आतां तेथें एक डौलदार वांकडा पूल आहे. त्यापलीकडे वस्ती विरळ होत जाते, झाडें नाहींशीं होतात, नुसता खडक, पाणी आणि दलदलीचें तपकिरी गवत उरतें. डरनेसच्या जवळ स्मू नांवाची प्रचंड गुहा आहे. तिच्या छतांतून एक ओढा अंधारांत कोसळतो व त्याचा घोष बाहेरच्या समुद्राच्या गर्जनेंत मिसळतो. त्या बाजूसच एका शेतकऱ्याच्या आवारांत, हूक-अपवांचून, आमची दुसरी रात्र होती. दादा नेहमीच्या वेळीं निजले. चिरंजीव मात्र दोनच्या सुमारास उठून मीटर पाहून आले, १२.४ होते. यंत्राचा संथ, एकसारखा आवाज चालू होता. सकाळीं दादा सर्वांच्या आधीं उठून चहाचें आधण ठेवीत असलेले दिसले.

परतीच्या वाटेवर लॉख नेसच्या दक्षिण तीरानें फॉयर्स हें गांव लागतें. तेथील धबधब्याच्या पाण्यावर १८९६ सालीं ॲल्युमिनियमचा कारखाना निघाला. जलविद्युतेचा असा मोठा उपयोग त्या देशांत प्रथमच होत होता. कारखाना आतां नाहीं. पण १९७० च्या दशकांत तेथें निराळेंच वीजघर उभें राहिलें. विजेला मागणी कमी असते तेव्हां लॉख नेसचें पाणी पंपांनीं वरच्या लॉख मोर तलावांत चढवितात, आणि मागणी वाढली कीं तेंच पाणी खालीं सोडून सुमारें ३०० मेगावॅट वीज काढतात. आपल्या अकोले तालुक्यांतील घाटघर येथेंहि २००८ सालापासून याच रीतीचें २५० मेगावॅटचें वीजघर आहे. जितकी वीज पाणी चढविण्यास लागते तितकी पुरती परत मिळत नाहीं. कांहीं अंश वाटेंत जातोच. तरीहि राष्ट्रें असे तलाव बांधतात, कारण वीज हवी त्या घटकेस हातीं असणें हीच तिची खरी किंमत आहे.

परदेशीं असलेल्या आपल्या मुलांकडे जाऊन अशा घरांतून प्रवास करण्याचा योग आतां पुष्कळ कुटुंबांस येतो, आणि त्यांत वडील मंडळींच्या औषधांची, यंत्रांची सोय पाहावी लागते. त्यांना एवढेंच सांगणें आहे: निघण्यापूर्वीं एक रात्र घराच्या दारांतच, हूक-अप न लावतां, त्या गाडींत काढावी, आणि सकाळीं मीटरनें बॅटरी मोजून मग तास-दोन तास गाडी चालवून पुन्हां मोजावी. आंकडा चढला तर निश्चिंतपणें निघावें. न चढला तर नवी बॅटरी घेण्यापूर्वीं उगमापासून मुखापर्यंत एकेक जोड तपासावा. मीटरला फार पैसे पडत नाहींत, आणि तो शिकावयास अर्धा तास पुरतो. आमच्या घरांतील मीटर आतां दादांच्या यंत्राच्या पेटींतच ठेवलेला असतो.